टायरचे केस

माझ्या मित्राच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि त्यामुळे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल घ्यावी लागली.

आम्ही दोघे जालन्यात एकाच सरकारी कार्यालयात. तो आस्थापना शाखेत, मी अभिलेख कक्षात. म्हणजे नोकरीत असलेल्या माणसांच्या फायली त्याच्याकडे आणि कोणालाच नको असलेल्या फायली माझ्याकडे. चोवीस वर्षं दुपारचा डबा आम्ही एकाच टेबलावर खाल्ला. त्याच्या घरच्या ठेच्याची मला सवय झाली आणि माझ्या घरच्या अळणी वरणाला तो कधी नावं ठेवायचा थांबला नाही.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, रोज पाऊण तास चाला, नाहीतर सायकल चालवा, नाहीतर आपण पुन्हा इथेच भेटू. डॉक्टर हे हसत बोलले म्हणे. वहिनींना त्या हसण्याचीच जास्त धास्ती वाटली होती.

चालणं त्याला मंजूर नव्हतं. मी भेटायला गेलो तर लोडाला टेकून म्हणाला, "सकाळच्या पारी हात हलवत चालणारी माणसं पाह्यली का तू? घरातून हाकलून दिल्यासारखी दिसतात."

"मग सायकल चालव."

"एकट्यानं? लोक म्हणतील, ह्याची गाडी गेली वाटतं. लाज वाटते राव."

वहिनी चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देताना म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही घ्या ना सायकल. तुम्ही घेतली तर हे घेतील. माझं ऐकत न्हाईत, डॉक्टरचं ऐकत न्हाईत. पण तुमच्या मागं पडायचं म्हणलं की ह्यांना सहन होत न्हाई."

एवढं सरळ कोणी काही मागितलं की मला नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणालो. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो, तुम्हाला गॅसचं सिलिंडर सरकवता येत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं, पण सिलिंडरला चाकं नसतात.

कार्यालयात बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. एकाने एकवीस गिअरची सायकल घ्यायला सांगितलं. आमच्या अख्ख्या कार्यालयाचं कामकाज दोन गिअरवर चालतं आणि त्यातला एक रिव्हर्स आहे. मला एकच पुरे होता. दुसऱ्याने हेल्मेट, हातमोजे आणि एक घट्ट चड्डी मोबाइलवर दाखवली. ती घालून मी अभिलेख कक्षात बसलो असतो तर जुन्या फायलींनी स्वतःहून माना टाकल्या असत्या.

शेवटी आम्ही जुन्या जालन्यात चाचांकडे गेलो. चाचांचं दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड, वरून लोंबणारी चाकं आणि खाली एक लाकडी खोकं. वय सत्तरीच्या पुढचं, अंगठ्याचं नख कायमचं काळं. ते सायकल विकत नाहीत, बांधून देतात. बांधण्यापूर्वी प्रश्न विचारतात, आणि आमच्या डॉक्टरांपेक्षा जास्त विचारतात. वजन किती, दफ्तर कुठं, रस्त्यात चढ किती, डबा नेणार का, पावसात येणार का. शेवटचा प्रश्न, पायजमा की पँट?

"पँट. का?"

"पायजमा असला तर चेनकव्हर फुल लागतो. न्हाईतर चेन पायजमा खाते आणि माणूस बीच सडक में खडा."

त्यांनी दोन जुन्या काळ्या फ्रेम काढल्या. जालन्यात देशभरातलं भंगार वितळायला येतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. चाचा भंगारवाल्यांशी ओळख ठेवून त्यातल्या चांगल्या फ्रेम भट्टीआधी काढून घेतात. "मोठा फ्रेम नको सर तुम्हाला," त्यांनी मला बजावलं, "पाय टेकला पायजे. ह्या उमरमध्ये माणूस चालत्या गाडीवरून पडत न्हाई, उभ्या गाडीवरून पडतो."

फ्रेम जुनी, बाकी सगळं नवं. पुढचे तीन दिवस कार्यालय सुटल्यावर आम्ही दोघं तिथे जाऊन बसायचो. चाचा रिमवर एकेक तार ओवून चाक उभं करत आणि मग त्याचा आऊट काढत. म्हणजे चाक फिरवायचं, खडू रिमच्या जवळ स्थिर धरायचा. चाक जिथे वाकडं असेल तिथे खडूची रेघ उमटते. त्या जागच्या तारा पान्याने ढिल्या-घट्ट करायच्या आणि पुन्हा फिरवायचं. रेघ अख्खी गोल उमटली, किंवा मुळीच उमटली नाही, की चाक सरळ झालं. माझ्या नोकरीत मी अनेक तपासण्या पाहिल्या, पण कोणाकडे बोट न दाखवता दोष दाखवणारी एवढी सभ्य तपासणी पाहिली नव्हती.

टायर चढवताना मी पाहिलं, नव्या रबरावर बारीक बारीक केस होते. मांजराच्या मिशांसारखे, बोटभर अंतरावर. मी विचारलं, हे कापायचे का?

"राहू द्या. पंधरा दिवसांत जातात. सडक खाते."

सीटवरून थोडा प्रश्न आला. चाचांकडे स्प्रिंगची एकच चामड्याची सीट होती, जुनी, पण तेल पाजून जपलेली. दुसरी रेक्झिनची, टणक. "ही चामड्याची सीट माणसाला वळखते," चाचा म्हणाले. "महिनाभर त्रास देते, मंग बसणाऱ्यासारखी होऊन जाते. दुसऱ्याला बसू देत न्हाई."

मला ती सीट फार आवडली होती. मी ती मित्राच्या सायकलला लावायला सांगितली. छातीला हादरे बसायला नकोत, असा माझा हिशेब. तो नको नको म्हणाला, पण फार वेळ म्हणाला नाही.

मग ज्याच्या त्याच्या हौशी. मी हँडल दोन इंच वर घेतलं, उजव्या बाजूला आरसा लावला, कॅरिअरला ट्यूबच्या पट्ट्या बांधून डब्याची सोय केली. त्याने दोन पायांचा स्टँड घेतला, मोठी घंटी घेतली आणि चेनकव्हरवर पेंटरकडून पिवळ्या रंगात 'निरोगी जीवन' लिहून आणलं. माझं चेनकव्हर कोरं राहिलं. माझ्याकडे जगाला सांगण्यासारखं काही नव्हतं.

मी राहतो अंबड चौफुलीच्या पलीकडे, तो मंठा चौफुलीच्या पलीकडे. कार्यालय मध्ये. दोघांनाही सहा-सात किलोमीटर, पण दिशा वेगळ्या. बरोबर जाणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही ठरवलं, सव्वानऊला निघायचं आणि निघताना एकमेकांना मिस कॉल द्यायचा. एक रिंग, कट. त्याची रिंग वाजली की मी पायडलवर पाय ठेवायचो.

पहिले आठ दिवस माझ्या अंगात असे काही स्नायू आहेत हे कळलं, ज्यांची माझी ओळख करून दिली गेली नव्हती. तेराव्या दिवशी टायरच्या मधल्या पट्ट्यावरचे केस गेलेले दिसले. माझ्या डोक्यावरचे गेले तेव्हा असा आनंद झाला नव्हता. त्या दिवशी मी डबा खाताना त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "हो का? आपण बी बघू आज."

मी अजून त्या वाक्याचा विचार करतो.

सायकल ही रस्त्याने शिकवल्याप्रमाणे बदलत जाते. सळया नेणाऱ्या ट्रकच्या मागे एक लाल चिंधी बांधलेली असते. ट्रकने ब्रेक मारला की त्या सळया मानेसारख्या हलतात, आणि आपण त्या मानेच्या टप्प्यात असतो. असं दोनदा झाल्यावर मीही कॅरिअरला लाल चिंधी बांधली. सळयांना तिचं काय वाटतं माहीत नाही, मला बरं वाटलं. पावसाळा लागला आणि काळी माती मडगार्डच्या आत बसू लागली. आमची काळी माती चाकाला चिकटत नाही, त्याच्यात राहायला येते. एकदा अर्ध्या रस्त्यात चाक फिरेचना. मी उतरून काडीने पाव किलोचं ढेकूळ काढलं आणि कार्यालयात पोचेपर्यंत माझ्या पँटचा रंग शासकीय राहिला नव्हता. चाचांनी मग मडगार्ड दोन वॉशर घालून उचलून दिलं, पुढे जुन्या ट्यूबचा फ्लॅप लावला आणि कॅरिअरखाली बाभळीची एक काडी अडकवायला जागा केली. टेबलाच्या खणात मी एक जादा पँट ठेवली.

मित्राला मडगार्ड उचलून घ्यायला सांगितलं तर म्हणाला, "आपल्या रोडला चिखल न्हाई तेवढा." त्याचा रस्ता चांगला असेल, असं मी समजलो. मंठा रोडबद्दल एवढं चांगलं मत असलेला मी त्या काळात जिल्ह्यातला एकटाच असेन.

मी पोचायचो तेव्हा तो बहुतेक आधीच आलेला असायचा. सायकल दोन पायांवर उभी, तो रुमालाने मान पुसत. चहाच्या वेळी रस्त्याच्या गोष्टी निघत. माझ्या गोष्टी साध्या, आज मोसंबीच्या गाड्याखाली आलो असतो, आज चेन उतरली. त्याच्या गोष्टींना सुरुवात, मध्य आणि शेवट असे. एका म्हशीने चौफुलीवर त्याच्या हँडलमध्ये शिंग घातलं आणि दोघांनी मिळून ते सोडवलं. एक निवृत्त मास्तर रोज पुलावर त्याला थांबवून चाकाचा व्यास विचारत. लोक जमायचे ऐकायला. मीही जमायचो. मी बरीच पुस्तकं वाचलेला माणूस आहे. रचलेली गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांतला फरक मला कळतो, असा माझा समज होता.

महिन्या-पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन येई. "भाऊजी, चालवतात ना?"

"रोज, वहिनी. माझ्या डोळ्यांसमोर येतो."

"तुम्ही म्हणता म्हणजे मला झोप लागते बघा."

अशी साक्ष मी चार-पाच वेळा दिली.

खंडेनवमीला आमच्या कार्यालयात अवजारांची पूजा होते. जीप, झेरॉक्स मशीन, गेली कित्येक वर्षं झाकण न उघडलेला टाइपरायटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार. या वर्षी साहेबांना कल्पना सुचली. वाहनांच्या पूजेच्या मुहूर्तावरच कार्यालयातल्या दोन सायकलस्वारांचा सत्कार करायचा, वरिष्ठ पाहुण्यांच्या हस्ते. मी टाळायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाले, "अहो, बॅनर छापायला गेलाय." बॅनर छापायला गेल्यावर आमच्याकडे कोणतीही गोष्ट मागे घेता येत नाही.

आदल्या दिवशी मित्र सकाळी सायकल लावून जीपने मंठ्याला तपासणीला गेला होता. त्याच्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे असे. मला वाटलं, उद्या हार घालायचे तर दोन्ही सायकली धुऊन, तेलपाणी करून आणाव्यात. त्याला सांगितलं नाही. आल्यावर चकाकती सायकल पाहून खूश होईल, एवढाच विचार. शाळेत असताना एक सायकल चालवत दुसरी हँडलला धरून न्यायची कला येत होती, ती हातांना आठवली. मी दुपारीच साहेबांना सांगून निघालो आणि दोन्ही सायकली घेऊन चाचांकडे पोचलो.

चाचांनी दोन्ही उलट्या केल्या. आधी माझी. मडगार्डच्या आतून स्क्रूड्रायव्हरने भाकरीएवढं ढेकूळ काढलं, सुकलेलं, चाकाच्या आकाराचं. मग त्याची. त्यांनी आत स्क्रूड्रायव्हर घातला, बाहेर काढला. त्याच्या टोकाला कोळ्याचं जाळं होतं. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला.

"सर, ही गाडी कोणाची?"

"तुम्हीच तर बांधली चाचा."

"बांधली मीच. चालवली कोणी?"

 त्यांनी चाक हळूच फिरवलं आणि माझं बोट धरून टायरवर ठेवलं. केस. सगळेच्या सगळे, मऊ, बोटाला गुदगुल्या करणारे. दोन-चार सोडले तर पहिल्या दिवसासारखे.

"टायर बदलले असतील त्यानं," मी म्हणालो.

"बदलले असतील," चाचा म्हणाले. "दुकानं लय हैत जालन्यात." मग स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसता पुसता, "जाळं पण नवीन बसवून घेतलं असंल."

त्यांनी सायकल सरळ केली तेव्हा माझं लक्ष सीटकडे गेलं. चामडं ताठ होतं. तिने अजून कोणालाच ओळखलं नव्हतं. टायरपेक्षा मला ते जास्त लागलं, हे सांगायला थोडी लाज वाटते. मी चार महिने त्या रेक्झिनच्या फळीवर बसलो होतो.

परत येऊन मी शिपायाला विचारलं. तो आमच्या दोघांच्याही ओळखीचा, जुना माणूस. आस्थापनेचे साहेब सायकल कुठून आणतात, एवढंच विचारलं. तो हसला.

"सर, गंमत करून राह्यले का? त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं राहते ना गाडी. सकाळी शेजाऱ्याच्या कारमधून उतरतात, नळावर रुमाल भिजवतात, मंग सायकल काढून येतात. दोनशे पावलं असतील. संध्याकाळी बी तसंच." माझा चेहरा पाहून तो थांबला. "तुम्हाला ठाऊक न्हाई? आम्हाला वाटलं, तुमचं दोघांचं मिळून हे."

कारची गोष्ट मी ऐकून घेतली. रुमाल भिजवण्याची मात्र ऐकून घेता आली नाही. चार महिने तो माझ्यासमोर नळाचं पाणी पुसत होता आणि मी त्याला विचारत होतो, आज फार घाम आला का रे.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. पाहुणे पाच गाड्यांतून आले. त्या पाचही गाड्या भाषण होईपर्यंत आवारात चालू ठेवल्या होत्या, कारण परत जाताना आत गार पाहिजे. पाहुणे प्रदूषणावर बोलले. गाड्यांच्या आवाजामुळे त्यांना माइक जवळ घ्यावा लागत होता. आम्हाला शाल, श्रीफळ, आणि ज्यावर माझं आडनाव चुकलेलं होतं असं एक प्रमाणपत्र मिळालं. ऑक्टोबरच्या उन्हात खांद्यावर शाल घेऊन बसलेला माणूस कसाही दिसत असला तरी सुखी दिसत नाही.

मित्र बोलायला उभा राहिला. "सुरुवातीला दम लागायचा," तो म्हणाला. "पुलाचा चढ आला की वाटायचं, उतरावं. पण पलीकडून माझा मित्र निघालाय, त्याचा मिस कॉल आलाय, हे आठवायचं आणि मी पायडल मारत राह्यचो. मला जीवदान कोणी दिलं असंल तर ह्यानं." टाळ्या पडल्या. शिपायाने सगळ्यांत जास्त वाजवल्या आणि मग माझ्याकडे पाहून हात खाली घेतले. मीही टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर बसलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही, हे व्यासपीठाचं खरं प्रयोजन आहे.

पाहुणे गेल्यावर तो सायकलींकडे आला. दोन्ही हँडलांना झेंडूचे हार होते.

"टायरचे केस अजून तसेच आहेत," मी म्हणालो.

"काय?"

"तुझ्या टायरचे."

त्याने खाली पाहिलं. नंतर माझ्याकडे पाहिलं नाही, आवाराच्या गेटकडे पाहिलं. "म्हणजे आता तू माझे टायर तपासायला लागला."

"धुवायला नेली होती. चाचांनी दाखवलं."

बराच वेळ तो शालीची घडी करत राहिला. ती काही केल्या नीट होईना. मग म्हणाला, "पहिल्याच दिवशी निघाल्तो मी. खरं सांगतो. चौफुलीच्या पुढं पुलावर चढलो आणि छातीत असं गच्च झालं. हात जड झाला. उतरलो आणि कठड्याला धरून उभा राह्यलो. सायकल ढकलत घरी आल्तो."

"डॉक्टरला सांगितलं?"

"न्हाई."

"वहिनीला?"

"तिला सांगून काय करू? रोज उठून दवाखाना लावंल मागं." मग त्याचा आवाज चढला. "आणि तुला कसा सांगू? तू एवढा खूश होता. आज आरसा, उद्या फ्लॅप. चोवीस वर्षांत तुला कशाचं एवढं कौतुक वाटलेलं पाह्यलं न्हाई मी. म्हणलं, मी सोडली तर हा बी सोडंल. तुझ्यासाठीच गप बसलो ना."

त्याला हे पटलेलं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याच्या त्या म्हशीच्या आणि मास्तरांच्या गोष्टीही बहुधा सांगताना त्याला पटत असाव्यात. मी ज्याच्या छातीसाठी सायकल घेतली, त्याच्या छातीत पहिल्या दिवशी दुखलं होतं. ते दुखणं त्याने चार महिने लपवलं आणि लपवायला माझा शब्द वापरला. मी फोनवर हो म्हणत होतो तोवर वहिनींना विचारायचं कारण नव्हतं.

"उद्याच्या उद्या दवाखान्यात जा," मी म्हणालो.

"बघू. दसरा होऊ दे," तो म्हणाला. "आणि हे आपल्या दोघांत राहू दे. तुला माझी शपथ."

मी काही कबूल केलं नाही. पण नाही म्हणालो, असंही मला आठवत नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी ते दोघे दरवर्षीप्रमाणे सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवली, बायकोने बासुंदीच्या वाट्या आणल्या. मित्र मोकळेपणाने बोलत होता, नेहमीपेक्षा थोडं जास्त. वहिनींनी नवी साडी नेसली होती. वाटी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "काल लय कौतुक झालं म्हणे. मी ह्यांना म्हणलं, कौतुक भाऊजींचं करा. भाऊजी, मला एकच सांगा. ते पुलावर ह्यांना दम तर लागत न्हाई ना आता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. हातात आपट्याचं पान तसंच होतं, बोटांनी तो ते मधोमध दुमडत होता आणि उलगडत होता.

मी इतकी वर्षं अभिलेख कक्षात काढली. आमच्याकडे प्रश्नाला बगल द्यायच्या निदान दहा लेखी पद्धती आहेत आणि मला त्या सगळ्या पाठ आहेत. त्यातली एकही आठवली नाही.

"वहिनी, मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी त्याला पुलावर कधी पाहिलं नाही. पहिल्या दिवशी पुलावर काय झालं ते त्याला विचारा. आणि आज विचारा."

बासुंदीची वाटी त्यांनी खाली ठेवली. त्या नवऱ्याकडे वळल्या नाहीत, माझ्याकडेच पाहत राहिल्या.

"मला तर म्हणाले, गल्लीत पाइपलाइनचं खोदकाम हे, म्हणून सायकल चौफुलीवर ठेवतो, तिथपर्यंत शेजाऱ्याची कार. मी म्हणलं, असू दे, पुढं तर चालवतात. भाऊजी, मी तुमच्या भरवशावर होते."

"मलाही माहीत नव्हतं."

"तुम्ही म्हणाले होते, डोळ्यांसमोर येतात."

 तो येतच होता माझ्या डोळ्यांसमोर. दोनशे पावलं.

दारात चपला घालताना मित्र हळू आवाजात एवढंच बोलला, "शपथ घातली होती मी. चोवीस वर्षांची दोस्ती, आणि तू बायकोला सांगितलं." तो खरोखर दुखावला होता. मला त्याच्या जागी जाऊन पाहण्याची सवय आहे, वाचनाने ती लागते. त्या दिवशी मात्र तिथे जागा नव्हती, तो स्वतःच ऐसपैस बसला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. शिपायाकडून कळलं. तपासण्या झाल्या, एक गोळी वाढली, एक बदलली. डॉक्टर म्हणाले म्हणे, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. आता हळूहळू सायकल चालवायला हरकत नाही, पण आधी सपाटीवर. महिनाभर तो रजेवर होता. मी दोनदा फोन केला, दोन्हीदा वाजून बंद झाला. वहिनींचाही फोन नंतर कधी आला नाही.

मी डबा अभिलेख कक्षातच खाऊ लागलो. सायकल चालवणं सोडलं नाही. चाचांनी एकदा विचारलं, त्या साहेबांची सीट पडूनच असंल, काढून तुमच्या गाडीला लावू का? मी नको म्हणालो. उगाच मोठेपणा घेतला, कारण बुडाखाली अजूनही फळीच आहे.

रजा संपवून तो कामावर आला त्याला आता तीन आठवडे होतात. आम्ही बोलतो. फाइल पाठवली, मिळाली, सही राहिली, एवढं बोलतो. गेल्या सोमवारी सव्वानऊला मी घराबाहेर सायकल काढत होतो आणि खिशात फोन वाजला. एक रिंग, कट. त्याचा नंबर होता. मी थोडा वेळ पायडलवर पाय ठेवून उभा राहिलो. दसऱ्यापर्यंत या एका रिंगने मी निघत असे. आता ती पुलाजवळून आली आहे, घरातून आली आहे की कारमधून, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी उलट मिस कॉल दिला नाही. निघालो मात्र.

कार्यालयात त्याची सायकल आधीच उभी होती, दोन पायांवर, चेनकव्हरवर 'निरोगी जीवन'. आसपास कोणी नव्हतं. मी माझी सायकल शेजारी लावली, डबा सोडायच्या निमित्ताने वाकलो आणि त्याच्या सायकलच्या टायरवरून बोट फिरवलं.

मधल्या पट्ट्यावर एकही केस नव्हता. गुळगुळीत.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण पंक्चर काढताना ट्यूब घासायची एक कानस असते, चाचांकडे असते तशी कोणत्याही दुकानात असते. टायरवर पाच मिनिटं फिरवली तरी एवढं काम होतं. आणि केसांचं त्याला मीच सांगितलं होतं. मडगार्डच्या आत बोट घातलं असतं तर माती लागते की नाही ते कळलं असतं. सीटवर तळहात दाबला असता तरी कळलं असतं.

व्हरांड्यातून तो येताना दिसला, रुमालाने मान पुसत. मी डबा घेऊन आत गेलो.